विम्याचा हप्ता चढतो, आधार खचतो

१९८६ सालच्या जून महिन्यात कन्नड सक्तीविरुद्ध सीमाभाग पेटून उठला, तेव्हा विशी-पंचविशीत असलेले आमचे तरुण आज साठीत आले आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्यांच्या डोळ्यांदेखत बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख मराठी राज्यापासून तोडला गेला, त्यांच्यापैकी जे हयात आहेत ते नव्वदीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. लढ्याचा इतिहास सांगताना आपण तारखा अचूक सांगतो. लढणाऱ्यांची वये मात्र मोजावयाची विसरतो. ज्यांनी लाठ्या झेलल्या, तुरुंग भोगला, त्यांच्या वाट्यास आज गुडघेदुखी, मधुमेह, मोतीबिंदू आणि हृदयविकार आला आहे. आंदोलनाच्या प्रश्नाइतकाच हाही आपल्या घरचा प्रश्न आहे, आणि म्हणून आज आम्ही वृद्धांच्या आरोग्यविम्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

योगायोग असा की, त्याच १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी या देशात सुरू केली. सर्वसाधारण विम्याच्या धंद्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ च्या आरंभी झाले होते. त्यामुळे त्या वेळी विमा म्हणजे सरकारचा शब्द, अशीच लोकांची समजूत होती. तरुणपणी थोडा थोडा हप्ता भरावा आणि म्हातारपणी इस्पितळाची पायरी चढण्याची वेळ आली तर हात पसरावा लागू नये, इतकाच त्यातील साधा अर्थ. पुढे १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले, खाजगी कंपन्यांना दार उघडले, पॉलिसींची नावे वाढली आणि अटीही वाढल्या. आज सत्तरीतील मनुष्य आपल्या पॉलिसीचा कागद हाती घेतो, तेव्हा ज्या आश्वासनावर त्याने वर्षानुवर्षे हप्ते भरले ते आश्वासन त्याच कागदावर शिल्लक आहे की नाही, हे त्याला सांगता येत नाही.

हप्ता का वाढतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वय वाढले की आजार वाढतात आणि आजार वाढले की दावे वाढतात, हे कोणी नाकारणार नाही. विमा ही मुळात अनेकांनी मिळून एकाचे ओझे उचलण्याची व्यवस्था आहे. परंतु कंपन्या वयाप्रमाणे ग्राहकांचे गट पाडतात आणि ग्राहक एका गटातून पुढच्या गटात गेला की त्याचा हप्ता एकदम उडी घेतो. हप्ता वाढला की ज्यांची प्रकृती बरी आहे ते पॉलिसी सोडतात. मागे राहतात ते आजारी. आजारीच मागे राहिले की दाव्यांचे प्रमाण आणखी वाढते आणि हप्ताही पुन्हा वाढतो. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही. त्यातच इस्पितळांचे दर दरसाल चढत आहेत. त्या दरांवर कोणाचाही परिणामकारक अंकुश नाही, आणि विमा आहे असे कळताच बिलाचा आकडा फुगतो, हा तर सार्वत्रिक अनुभव आहे.

नियामक प्राधिकरणाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल २०२४ पासून पासष्ट वर्षांवरील माणसास नवी पॉलिसी नाकारण्याची वयाची आडकाठी दूर झाली. आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षेचा काळ अधिकात अधिक ४८ महिने होता, तो ३६ महिन्यांवर आला. पाच वर्षे अखंड पॉलिसी चालू ठेवणाऱ्याचा दावा, फसवणूक सिद्ध झाल्यावाचून, माहिती दडविल्याच्या सबबीवर नाकारता येणार नाही असे ठरले. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. ३० जानेवारी २०२५ रोजी प्राधिकरणाने आणखी एक आदेश काढला. ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असेल तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय केला पाहिजे, असा त्याचा आशय. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर पूर्णपणे उठविण्यात आला. या साऱ्या गोष्टींचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो.

परंतु स्वागत करून झाल्यावर हिशेबाची वही उघडावी लागते. समजा, एका वृद्ध दांपत्याचा वार्षिक हप्ता ४०,००० रुपये आहे. कर होता तोवर त्यांस ७,२०० रुपये अधिक, म्हणजे ४७,२०० रुपये द्यावे लागत. कर गेला, हप्ता ४०,००० वर आला. आता दरसाल १० टक्के वाढ गृहीत धरू. पहिल्या वर्षी ४४,००० आणि दुसऱ्या वर्षी ४८,४०० झाले. म्हणजे दोनच वर्षांत करमाफीचा सारा लाभ वाढीने गिळला. हीच वाढ सात वर्षे चालली तर हप्ता ७७,९०० रुपयांच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. १० टक्के ही मर्यादा ऐकावयास बरी वाटते. ज्याचे उत्पन्न दरसाल १० टक्क्यांनी वाढत नाही त्याला मात्र ती मर्यादा हळूहळू आवळला जाणारा फासच आहे. शिवाय कर उठविताना गटविमा त्यातून वगळण्यात आला, आणि कंपन्यांना त्यांच्या खर्चावरील कराची जी वजावट मिळत असे तीही बंद झाली. ही तूट कंपन्या आपल्या नफ्यातून सोसतील की मूळ हप्त्यात मिळवतील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आणि उत्पन्न तरी कोणते? कामगारांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान वेतन दरमहा १,००० रुपये ठरले ते २०१४ साली. म्हणजे वर्षाचे १२,००० रुपये. वडगाव-खासबागेत मागावर उभे आयुष्य घालविलेल्या विणकराच्या नशिबी तर तेवढेही नाही. आयकरात ज्येष्ठांच्या हप्त्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत सूट मिळते असे सांगितले जाते, पण ती जुन्या करपद्धतीत. आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला त्या सुटीचा उपयोग तो काय? पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरावा, की हप्ता सोडून देवावर भरवसा ठेवावा, असा पेच आज आमच्या घराघरांत पडला आहे.

हप्त्याची वाढ निदान डोळ्यांना दिसते. लाभाची घट मात्र दिसत नाही. ती इस्पितळातून निघताना कळते. अनेक पॉलिसींत वृद्धांसाठी 'सहभागी भरणा' म्हणून अट असते; मंजूर रकमेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक रुग्णाने स्वतः भरावयाचा. दुसरी अट खोलीच्या भाड्याची. तीन लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीचे भाडे विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसास ३,००० रुपयांपर्यंतच मंजूर आहे असे समजा. रुग्णास ६,००० रुपयांची खोली मिळाली आणि तो पाच दिवस राहिला. बिल झाले १,५०,००० रुपयांचे. त्यात खोलीचे ३०,०००, डॉक्टर, शस्त्रक्रिया व शस्त्रक्रियागृह यांचे ८०,००० आणि औषधे व तपासण्या यांचे ४०,०००. आता कंपनी खोलीचे निम्मे, म्हणजे १५,००० देते. पण तेवढ्यावर थांबत नाही. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून डॉक्टर व शस्त्रक्रिया यांचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा करते आणि ४०,००० धरते. औषधे व तपासण्या यांचे ४०,००० पुरे. एकूण ९५,००० झाले. त्यातून २० टक्के सहभागी भरण्याचे वजा जाता हाती पडतात ७६,००० रुपये. तीन लाखांचा विमा असलेल्या माणसाला दीड लाखाच्या बिलात ७४,००० रुपये खिशातून द्यावे लागले! स्वस्त खोली रिकामी नव्हती, हा त्याचा अपराध.

प्राधिकरणाने २०२० साली सर्व कंपन्यांना विकणे बंधनकारक केलेली 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी त्या मानाने सरळ आहे. तिच्यात सहभागी भरणा ५ टक्क्यांचा आहे. तरी तिच्यातही खोलीस विमारकमेच्या २ टक्के व दिवसास अधिकात अधिक ५,००० रुपये, आणि मोतीबिंदूस एका डोळ्यामागे विमारकमेच्या पाव हिस्सा किंवा ४०,००० रुपये यांपैकी जे कमी असेल ते, अशा मर्यादा आहेतच. मर्यादा असू नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्या विकताना ठळकपणे सांगाव्यात आणि घेणाऱ्याला समजतील अशा भाषेत सांगाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.

सरकारी योजनांकडे वळावे तर तेथे निराळीच कथा. केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत आणले. कुटुंबातील अशा वृद्धांना मिळून वर्षास पाच लाखांपर्यंतचे इस्पितळातील उपचार विनामूल्य, आधीच्या आजारास प्रतीक्षा नाही, खाजगी विमा असला तरी हरकत नाही. कल्पना थोर आहे यात शंका नाही. परंतु मनुष्य नोकरीतून निवृत्त होतो अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी आणि ही सावली पडते सत्तराव्या वर्षी. मालकाचा विमा सुटला, खाजगी हप्ता परवडत नाही आणि सरकारी कार्डास वय पुरत नाही, ती मधली दहा वर्षे त्याने कोणाच्या आधाराने काढावयाची? शिवाय योजना आहे इस्पितळात भरती होणाऱ्यांसाठी. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची सुई, महिन्याची तपासणी हा जो वृद्धाचा खरा नित्याचा खर्च, तो तिच्या कक्षेबाहेरच राहतो. आणि खर्चाचा वाटा केंद्राचा ६० व राज्याचा ४० टक्के असल्यामुळे राज्याच्या इच्छेवाचून ही योजना नीट चालत नाही.

येथेच सीमाभागाचे दुखणे सुरू होते. २०१८ च्या 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजनेत दारिद्र्यरेषेवरील कुटुंबास खर्चाच्या फक्त ३० टक्के, तेही वर्षास दीड लाखाच्या मर्यादेत देण्याचे ठरले. उलट महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची व्याप्ती वाढवून, शिधापत्रिकेचा रंग न पाहता, सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय केला. बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघावे. बाची मागे पडले की लगेच शिनोळी लागते. दोन्ही गावची माती एक, बोली एक, सोयरीक एक. पण शिनोळीच्या म्हाताऱ्याचे हृदय बिघडले तर पाच लाख, आणि बाचीच्या म्हाताऱ्याचे बिघडले तर शंभरातले तीस! राज्यपुनर्रचनेची रेघ नकाशावर ओढली गेली असे आपण म्हणतो. ती अशी माणसाच्या छातीवरून गेली आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांना ही फुले योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या वृद्धांच्या डोळ्यांत पाणी आले. कर्नाटक सरकारने लगोलग त्यास हरकत घेतली. आम्हांस बंगळूरला विचारावयाचे आहे: उपचारासाठी मिळणारा रुपया कोणत्या तिजोरीतून आला हे पाहून रुग्णाचा आजार बदलतो काय? तुमच्या राज्यातील वृद्धाला शेजारचे राज्य औषध देऊ म्हणते, यात तुमच्या सार्वभौमत्वाला कोणता धक्का बसतो? आणि मुंबईलाही आम्ही तितक्याच स्पष्टपणे विचारू इच्छितो की, निर्णयाची घोषणा करणे आणि शेवटच्या रुग्णापर्यंत तो पोहोचविणे यांतील अंतर कोणी तोडावयाचे? कोणता दाखला लागतो, कोणते इस्पितळ चालते, हे विचारीत सत्तरीच्या माणसाने किती उंबरठे झिजवावे? पश्चिमेस गोव्याकडे पाहावे, तर बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने परराज्यातील रुग्णांस २०१८ च्या जानेवारीपासून शुल्क लावण्यास आरंभ केला. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण आमच्यासाठीच जन्मास आली असावी.

आता भाषेचे. गेल्याच महिन्यात मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध शिक्षक आमच्या कचेरीत आले. विमा कंपनीचे दावा नाकारल्याचे पत्र त्यांच्या हाती होते. पत्र इंग्रजीत, इस्पितळाचा अर्ज इंग्रजी व कानडीत. आयुष्यभर ज्यांनी शेकडो मुलांना अक्षर शिकविले, त्यांना आपल्या स्वतःच्या आजाराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. वस्तुतः पॉलिसीधारकाने मागणी केल्यास पॉलिसीचे माहितीपत्रक स्थानिक भाषेत दिले पाहिजे, असा नियामकाचा नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. बेळगावची स्थानिक भाषा कोणती, या प्रश्नाचे उत्तर आमच्या वाचकांना कोणी शिकवावयास नको. कानडी बांधवास कानडीत पत्रक मिळावे, हे आम्ही आनंदाने म्हणतो. मराठी वृद्धाला ते मराठीत मिळावे, एवढे त्यांनीही म्हणावे. आजारपणात भाषेचा वाद आम्हांस नको आहे. काय लिहिले आहे ते कळावे, इतकेच हवे आहे.

आमच्या मागण्या थोडक्यात अशा आहेत. ज्येष्ठांच्या हप्त्यावरील १० टक्क्यांच्या मर्यादेत वयोगट बदलल्यामुळे होणारी वाढही निःसंदिग्धपणे धरली जावी आणि सलग काही वर्षांच्या एकूण वाढीलाही मर्यादा असावी. इस्पितळांशी दर ठरवून घेण्याची जी सूचना प्राधिकरणाने त्याच आदेशात कंपन्यांना केली, तिची अंमलबजावणी व्हावी. कारण दर मोकळे सोडून हप्ता बांधणे म्हणजे नळ चालू ठेवून जमीन पुसणे होय. कर्नाटकाच्या २००७ च्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याप्रमाणे इस्पितळांनी आपले दर लावले पाहिजेत. ते लावले आहेत की नाहीत हे अधिकाऱ्यांनी पाहावे. केंद्राने आयुष्मान योजनेचे वय सत्तरावरून साठावर आणावे. महाराष्ट्राने ८६५ गावांच्या योजनेसाठी सीमेलगतच्या प्रत्येक तालुक्यात एक तरी मदतकक्ष चालवावा. आणि कर्नाटकाने त्यात आडकाठी आणू नये.

परंतु मागणी करून हात जोडून बसणे हा सीमावासीयांचा स्वभाव नव्हे. काही गोष्टी आपल्याच हातांत आहेत. हप्त्याची तारीख चुकवू नये. पॉलिसी एकदा तुटली की आधीची प्रतीक्षेची वर्षे वाया जातात. असलेले आजार अर्जात प्रामाणिकपणे लिहावे. भरती होण्यापूर्वी, सवड असेल तर, आपल्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती आहे हे मुलाबाळांनी पाहून ठेवावे. सत्तरी पार केलेल्यांनी आधार कार्डावर आयुष्मान कार्ड काढून घ्यावे आणि ते आपल्या जवळच्या कोणत्या इस्पितळात चालते याची चौकशी आधीच करून ठेवावी. घरी जाण्याची परवानगी मिळाल्यावर रोकडरहित दाव्याचा अंतिम निकाल कंपनीने तीन तासांत दिला पाहिजे, असा २०२४ चा नियम आहे. तो कंपनीच्या माणसास ठणकावून सांगावा. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आले किंवा समाधान न झाले तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. कर्नाटकासाठी ही कचेरी बंगळुरात, म्हणजे बेळगावापासून सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे. तथापि तक्रार लेखी पाठविता येते.

हे सारे एकट्या वृद्धाने करावे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमची तरुण मंडळे गणेशोत्सव थाटाने साजरा करतात, शिवजयंतीची मिरवणूक काढतात, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. त्याच मंडळांनी प्रत्येक गल्लीत दोन शिकलेली मुले निवडावी; त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या ओट्यावर बसावे आणि म्हाताऱ्यांचे कागद वाचून द्यावे, अर्ज भरून द्यावे, तक्रार लिहून द्यावी. त्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. ज्यांनी आपल्यासाठी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यासाठी चार ओळी लिहिणे आपणांस जड जाईल काय?

सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. न्यायालयाला आपली गती आहे आणि आम्ही न्यायाची वाट पाहत आलो आहोत. पण वार्धक्य कोणत्याही निकालासाठी थांबत नाही. संयुक्त महाराष्ट्राचे स्वप्न उराशी धरून जी पिढी म्हातारी झाली, तिला तो सोन्याचा दिवस दाखवावयाचा असेल, तर तोवर तिला जगविणे हेही आंदोलनाचेच काम आहे. हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.